वाघ देशाचा, म्हैस आपली

ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावात बिबट्या आला होता तेव्हाची गंमत आठवत असेल सगळ्यांना. जाधव नगरात एका बांधकाम मजुरावर त्यानं झडप घातली आणि मग गोल्फ कोर्सच्या झाडीत शिरला, झालं, आजूबाजूच्या २२ शाळा बंद, ड्रोन आले, जाळ्या आल्या, पिंजरे आले, आणि शेवटी शिवमोग्याच्या सक्रेबैलू हत्ती कॅम्पातून चक्क हत्ती आणले शोधायला. टीव्हीवाले रोज लाईव्ह. व्हॉट्सअपवर तर बिबट्याच्या नावानं जोकांचा पाऊस. बिबट्या काही सापडला नाही, हळूहळू लोक विसरले, शाळा सुरू झाल्या.

मला त्या प्रकरणात खटकलेली गोष्ट एवढीच की हाच बिबट्या गोल्फ कोर्सच्या ऐवजी आपल्याच बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत आला असता, आणि येतोच की, दरवर्षी येतो, तर हत्ती सोडा, पंचनाम्याला वन खात्याचा गार्ड यायलाच दुसरा दिवस उजाडला असता. शहरात एक जनावर दिसलं तर ती इमर्जन्सी, आणि गावात दिसलं तर "जंगलाशेजारी राहता, सांभाळून राहा". म्हणजे जनावर तेच, कायदा तोच, खातं तेच, फरक फक्त कुणाच्या दारात आलं याचा.

आणि म्हणून कुणी मला विचारलं की तू वाघाच्या बाजूचा का शेतकऱ्याच्या, तर मला तो प्रश्नच लबाड वाटतो. मी वाघाच्या बाजूचा आहे, स्पष्ट सांगतो. वाघ, बिबट्या, लांडगा, रानकुत्री, हे सगळं राहिलं पाहिजे, खानापूरच्या जंगलात वाघ आहे याचा मला अभिमान वाटतो. पण तो राहावा म्हणून जे बिल येतं ते कुणाच्या खिशातून जातं? बेंगळूरच्या नाही, बेळगाव कॅम्पातल्या नाही, दिल्लीच्या तर नाहीच नाही. ते जातं दोन म्हशी असलेल्या गवळ्याच्या आणि चार शेरडं असलेल्या म्हातारीच्या खिशातून. संवर्धनाचं राजकारण म्हणतात ते सगळं या एका प्रश्नात आहे, बिल कुणाचं आणि निर्णय कुणाचा. दोन्ही एकाच माणसाकडे असते तर भांडणच नव्हतं.

आधी कायद्याचं बघूया, कारण चहाच्या टपरीवर कायद्याबद्दल काहीच्या काही बोललं जातं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, त्यात वाघ, बिबट्या, लांडगा हे पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत. कलम ११ प्रमाणे असं जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झालं, किंवा बरं न होण्याइतकं जखमी, आजारी असलं तरच मुख्य वन्यजीव रक्षक ते मारायची परवानगी देऊ शकतो, आणि तेही आधी पकडता येतंय का, बेशुद्ध करता येतंय का, दुसरीकडे नेता येतंय का हे बघून. तुमची म्हैस मारली, कालवड ओढून नेली, हे कारण चालत नाही. खालच्या परिशिष्टातल्या जनावरांना पिकाचं, मालमत्तेचं नुकसान हे कारण चालतं, पहिल्यातल्यांना नाही. मला हे बरोबर वाटतं, म्हशीच्या बदल्यात वाघ मारायला परवानगी दिली तर पाच वर्षांत एकही उरणार नाही. पण मग त्याच कायद्यानं म्हशीची भरपाई हक्क म्हणून, ठराविक दिवसांत, पूर्ण किमतीनं द्यायला पाहिजे होती की नाही? तिथं मात्र कायदा गप्प, तो भाग जीआर आणि सर्क्युलरवर सोडलेला, सरकारला वाटलं तर वाढवतं, बजेट संपलं की थांबवतं.

अजून एक कलम आहे, ३९. शिकार झालेला किंवा मेलेला सापडलेला वन्यप्राणी ही राज्य सरकारची मालमत्ता. वाघ मेला की त्याच्या नखापासून मिशीपर्यंत सरकार मोजून घेतं, लगेच पंचनामा, लगेच डॉक्टर, वरिष्ठ अधिकारी हजर. जिवंत असताना त्यानं काही खाल्लं तर मात्र ते "निसर्गाचं".

आता आपल्याच भागातली गोष्ट, जी बेळगावकरांनी इतक्या लवकर विसरायला नको होती. २०१४ च्या शेवटी चिक्कमगळूर जिल्ह्यात एका वाघानं एका बाईला मारलं, तिथं लोक खवळले, खात्यानं वाघ पकडला. मग त्याला सोडायचं कुठं? तर गळ्यात रेडिओ कॉलर घालून आणून सोडला आपल्या खानापूरच्या भीमगड अभयारण्यात. खानापूरवाल्यांना कुणी विचारलं नव्हतं. काही आठवड्यांतच त्या वाघानं खानापूर तालुक्यात एका तरुण बाईचा जीव घेतला, लोक रस्त्यावर आले, आणि डिसेंबर संपायच्या आत त्या वाघाला गोळ्या घालून मारलं. एक बाई तिकडं गेली, एक इकडं गेली, वाघ पण गेला. ज्यानं कागदावर सही केली त्याचं काय झालं ते मात्र कधी बातमीत आलं नाही.

हे मी मुद्दाम सांगतोय कारण वाघाला मारलं कुणी म्हटलं की बोट नेहमी गावकऱ्याकडं जातं. इथं वाघ मेला तो ऑफिसात घेतलेल्या निर्णयामुळं. आणि तो निर्णय इथंच का घेतला गेला? कारण चिक्कमगळूरला कॉफी इस्टेटवाले आहेत, त्यांचा आवाज आहे. खानापूर म्हणजे राज्याचा कोपरा, बरेच लोक मराठी बोलणारे, त्यांची निवेदनं सीमाप्रश्नाच्या फायलीत जातात. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही, पण खानापुरात कुणालाही विचारा, दुसरं उत्तर मिळणार नाही.

बिल भरून भरून माणूस थकला की काय होतं ते पण आपल्या शेजारीच झालंय. जानेवारी २०२० मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात गोळावलीला, म्हादई अभयारण्यात, एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं विष घातलेली सापडली. वाघांनी जनावरं मारली होती, त्याचा राग. अटक झाली ती धनगर कुटुंबातल्या माणसांना, म्हणजे आपल्या खानापूरच्या गवळी धनगरांचेच भाऊबंद म्हणा, तीच भाषा, तसाच म्हशीवर चालणारा संसार. जून २०२५ मध्ये चामराजनगरच्या मलै महादेश्वर डोंगरात परत तेच, एक वाघीण आणि चार बछडे, मेलेल्या गायीत विष. दोन्ही वेळा देशभर हळहळ, दोन्ही वेळा "क्रूर गावकरी" म्हणून पोस्टी. मी त्या विष घालणाऱ्यांचं समर्थन करत नाही, शिक्षा झालीच पाहिजे, पण विष घालणारा माणूस शिकारी टोळीतला नव्हता, त्याला कातडं विकायचं नव्हतं, नखं विकायची नव्हती. त्याची गाय गेली होती. हा फरक ज्याला कळत नाही त्यानं वाघ वाचवायच्या गप्पा मारू नयेत, कारण पुढचं विष कुठं पडणार हे त्याला कळणारच नाही.

भरपाईचं गणित आता. माणूस गेला तर कर्नाटकात आता २० लाख, महाराष्ट्रात २५ लाख. खानापूर आणि महाराष्ट्रातलं चंदगड यांच्यामधून जंगलच जातं, वाघाला बॉर्डर दिसत नाही, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात कॅमेऱ्यात आलेला वाघ नंतर कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात दिसल्याची नोंद आहे, म्हणजे तो आपल्याच रानातून चालत गेला असणार. पण मेलेल्या माणसाची किंमत मात्र राज्याची हद्द ओलांडली की बदलते. जनावरांचं बघा, महाराष्ट्राच्या २०२२ च्या नियमात गाय-म्हैस-बैल असेल तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यात जे कमी असेल ते. कमी असेल ते! म्हणजे चांगली दुभती मुऱ्हा म्हैस, जिला आज लाखाच्या वर मोजावे लागतात, ती गेली तर तुम्ही मोठ्या तोट्यात, आणि भाकड जनावर गेलं तर त्यातल्या त्यात बरं. जो माणूस कर्ज काढून चांगली म्हैस घेतो त्यालाच सगळ्यात जास्त मार. दूध बंद झालं त्याचे तर पैसेच नाहीत, डेअरीचं पंधरवड्याचं बिल बंद होतं ते कुणी मोजतच नाही.

आणि पैसे मिळायचे तर आधी सिद्ध करा. मेलेलं जनावर हलवायचं नाही, गार्ड येणार, पंचनामा करणार, सरकारी पशुवैद्य येऊन दातांच्या खुणा बघून लिहून देणार की हो, हे वन्यप्राण्याचंच काम. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडं या म्हणावं, त्या पावसात मेलेलं जनावर दोन दिवस तसंच ठेवून दाखवा. रवीवारी मेलं तर झालंच. शेळी असेल तर बिबट्या ती उचलूनच नेतो, मग सिद्ध काय करणार, खुंट्याला बांधलेली दोरी? कर्नाटकात आता ई-परिहार म्हणून ऑनलाईन सिस्टीम आहे, चांगली गोष्ट आहे, मी नाही म्हणत नाही, पण अर्ज कन्नडमध्ये, पंचनामा कन्नडमध्ये, आणि अर्ज करणारी बाई मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. ती जाते कुणाकडं तर गावातल्या एखाद्या पुढाऱ्याच्या पोराकडं, जो फॉर्म भरून देतो आणि मग निवडणुकीला आठवण करून देतो. भाषेचा प्रश्न म्हणजे फक्त बोर्डावरची अक्षरं काळी करणं नव्हे, हा पण भाषेचाच प्रश्न आहे, आणि यावर एकाही पक्षानं, महाराष्ट्र एकीकरण समितीनंसुद्धा, मोर्चा काढलेला मला तरी आठवत नाही.

जंगलपट्टा सोडून आता खाली उतरूया, कारण खरी गंमत तिकडं आहे. चिकोडी, रायबाग, हुक्केरी, अथणी, गोकाक, हा सगळा उसाचा टापू. बेळगाव जिल्ह्यात वीसपेक्षा जास्त साखर कारखाने आहेत, राज्यात सगळ्यात जास्त. हिडकल धरणाचं पाणी आलं, कृष्णा-दूधगंगेच्या काठानं पाणी उचलणाऱ्या लिफ्ट झाल्या, आणि जिथं ज्वारी-हरभरा होता तिथं दहा-बारा महिने उभा राहणारा ऊस आला. बिबट्याच्या दृष्टीनं हे जंगलच की. सावली आहे, पाणी आहे, माणूस आत शिरत नाही, रानडुक्कर आहे, आणि वस्तीच्या कडेला भटकी कुत्री आहेत. महाराष्ट्रात अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून अभ्यास केला तर त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा निघाला कुत्र्यांचा. म्हणजे गावातला कचरा वाढला, कचऱ्यावर कुत्री वाढली, कुत्र्यांवर बिबट्या पोसला, आणि आपण म्हणतो जंगल कमी झालं म्हणून बिबट्या गावात आला. काही ठिकाणी ते खरं असेल, पण उसातला बिबट्या कुठूनही "आलेला" नाही, तो तिथंच जन्मलेला आहे, त्याच्या आईनं पण जंगल बघितलेलं नसेल.

नोव्हेंबर ते मार्च ऊसतोड चालते तेव्हा त्याचं घर रोज थोडं थोडं कमी होतं. त्याच वेळी फडाच्या कडेला तोडणीवाल्यांच्या कोपी, बारकी पोरं उघड्यावर झोपलेली, पहाटे चारला आईबाप फडात. बीडहून नाहीतर विजापूरकडून आलेली ही माणसं, त्यांना ना इथलं मतदान, ना रेशन, आणि बिबट्याच्या बातमीत ती फक्त "मजूर" म्हणून येतात. कारखान्यानं टोळीला दिवा, जाळी, रात्री एक वॉचमन एवढं दिलं तरी फरक पडेल, पण ते कुणी मागतच नाही.

आता माझा मुख्य राग. बिबट्याचा प्रश्न म्हणून आपण ज्याला म्हणतो त्यातला अर्धा प्रश्न लाईटचा आहे. पंपाला थ्री फेज सात तास म्हणतात, त्यातले बरेच तास रात्रीचे, म्हणजे शेतकऱ्यानं रात्री अकराला नाहीतर दोनला उठून, बॅटरी घेऊन, एकट्यानं उसात पाणी फिरवायला जायचं. वाकून बारं मोडायचं, म्हणजे बिबट्याला लांबून तुम्ही चार पायांचंच जनावर दिसणार. साप वेगळा, करंट वेगळा. शेतकरी संघटना वर्षानुवर्षं दिवसा लाईट द्या म्हणून ओरडतायत, आणि ही मागणी कुणी पर्यावरणाची मागणी म्हणून धरतच नाही. माझं म्हणणं, बिबट्या वाचवायची सगळ्यात स्वस्त योजना ही दिवसाची थ्री फेज आहे. महाराष्ट्रानं २०१७ पासून सौर कृषी वाहिनी म्हणून फिडरच, म्हणजे पंपांना लाईट देणारी लाईनच, सोलरवर टाकायला सुरुवात केली, केंद्राच्या कुसुम योजनेत पण तेच आहे, तंत्र काही चंद्रावरचं नाही. वन खात्याच्या मंत्र्यानं ऊर्जा खात्याच्या मंत्र्याला एक पत्र लिहावं की जिथं बिबट्या दिसल्याच्या नोंदी आहेत त्या फिडरला आधी दिवसाची पाळी द्या. एवढं करायला अभयारण्य लागत नाही, गोळी लागत नाही, हत्ती तर अजिबात लागत नाही. पण याचा फोटो निघत नाही ना, पिंजऱ्याचा निघतो.

पिंजऱ्याचं पण सांगतो. आमदार येतात, "पिंजरा लावा" म्हणून अधिकाऱ्याला सगळ्यांसमोर झापतात, टाळ्या. पिंजऱ्यात शेळी बांधतात, कुठला तरी बिबट्या सापडतो, तोच होता का दुसरा हे कुणी विचारत नाही, आणि त्याला नेऊन सोडतात दुसऱ्याच्या रानात. जुन्नरला २००१ ते २००३ च्या काळात हेच केलं होतं, भराभर पकडायचे आणि लांब सोडायचे, तर हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, आणि जिथं सोडले तिथंही सुरू झाले. कारण मोकळी झालेली जागा दुसरा तरुण बिबट्या घेतो, आणि सोडलेला अनोळखी मुलखात बिथरून फिरतो. आता जुन्नर-शिरूर भागात परत माणसं गेली, लोकांचा राग रास्त आहे, महाराष्ट्र सरकार मादी बिबट्यांच्या नसबंदीची भाषा करतंय, कुणी म्हणतं बिबट्याला पहिल्या परिशिष्टातनंच काढा. नसबंदी करून बघायला माझी हरकत नाही, पण परिशिष्टातनं काढायला आहे. आपल्याकडं एकदा मारायची मोकळीक दिली की नरभक्षक बिबट्या मरत नाही, जो सापडेल तो मरतो.

आणि ही मागणी करतं कोण ते बघा. ऊसवाल्याला आवाज आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मूडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसला शेतकरी बसले, टनाला ३५०० मागितले, सगळं राज्य हललं, मुख्यमंत्र्यांनी बैठका घेतल्या, ३३०० वर तोडगा निघाला. मला त्याचा आनंदच आहे. पण शेळी गेलेल्या बाईसाठी कुठला क्रॉस अडवला जातो? ऊस बिबट्या खात नाही. खरं तर उसातल्या डुकरांना तो थोडाफार आळाच घालतो, म्हणजे बिबट्याचा फायदा ऊसवाल्याला आणि तोटा शेळीवालीला, बहुतेक वेळा तिला शेत पण नसतं, बांधावर चारून ती शेरडं वाढवते, पोराच्या फीसाठी एखादं विकते. गावाच्या सभेत "बिबट्याला गोळ्या घाला" म्हणून जो मोठ्यानं बोलतो तो बुलेटवर येतो. ती मागं उभी असते, तिला गोळी नको असते, तिला गोठ्याला दार आणि वरून जाळी पाहिजे असते, आणि गेलेल्या शेळीचे पैसे पुढच्या आठवडी बाजाराच्या आत पाहिजे असतात. शेतकरी शेतकरी म्हणून आपण एकच शब्द वापरतो आणि त्यात हे सगळं झाकलं जातं.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात २०२० मध्ये लोकांनी मतदान करून ठरवलं की लांडगे परत आणायचे, जेमतेम ५१ टक्क्यांच्या आसपास मतं, ती मुख्यतः डेन्व्हर वगैरे शहरांच्या पट्ट्यातली. डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगॉनमधून १० लांडगे आणून सोडले, ते अर्थातच डेन्व्हरच्या बागेत नाही, डोंगरापलीकडच्या गुरंवाल्यांच्या मुलखात, ज्यांनी बहुतेक ठिकाणी नको म्हणून मत दिलं होतं. गुरंवाले भडकले, अजून भडकलेलेच आहेत. पण तिथं एका जनावरामागं १५ हजार डॉलरपर्यंत भरपाई कायद्यात लिहिली आहे, निदान जिंकलेल्यांनी बिल नाकारलं नाही. युरोपात उलटं झालं. २०२२ मध्ये युरोपियन कमिशनच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डर लायन यांचं डॉली नावाचं तट्टू लांडग्यानं मारलं, आणि २०२५ पर्यंत लांडग्याचं संरक्षण "कडक" वरून एक पायरी खाली आलं. योगायोग म्हणा हवं तर, शेतकऱ्यांचा दबाव आधीपासून होताच. पण आमच्या शेळीवालीच्या शेळीवरनं कुणी कायदा बदलायला घेतला नसता हे नक्की.

लांडग्याचा विषय निघालाच आहे तर. वाघाचा फोटो कॅलेंडरवर असतो, लांडग्याचा कुठंच नसतो, आणि देशात लांडगे उरलेत तीन हजारांच्या आसपास, म्हणजे वाघांपेक्षा कमी, २०२२ च्या मोजणीत वाघ ३६८२ होते. आपल्या जिल्ह्याची पूर्वेची बाजू, गोकाक-सौंदत्ती-अथणीची माळं, ही लांडग्याची जागा. तो माळ सरकारी कागदात "पडीक". पडीक म्हटलं की सोलर पार्क टाका, पवनचक्की लावा, एमआयडीसीसारखं काहीतरी आणा, कुणाची परवानगी नको. कर्नाटकानं कोप्पळ जिल्ह्यात बंकापूरला लांडग्यांसाठी अभयारण्य केलं हे चांगलं झालं, पण तेवढ्या चतकोर तुकड्यावर किती लांडगे राहणार. त्याला चालायला कोसन् कोस माळ लागतो, आणि तोच माळ धनगराच्या मेंढरांना लागतो. धनगर आणि लांडगा यांचं वैर सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांची गरज एकच आहे हे कुणी बोलत नाही. जुन्या धनगरांशी बोला, वर्षाला दोन-चार मेंढरं त्याची म्हणून धरूनच चालतात, शिव्या देतात पण विष घालत नाहीत, रात्री मेंढरांभोवती वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावतात, कुत्री ठेवतात, आळीपाळीनं जागतात. त्यांना खरा त्रास लांडग्याचा कमी आणि तारेच्या कुंपणाचा जास्त आहे. माळ गेला तर धनगरही जाणार आणि लांडगाही. मग संवर्धनवाल्यांनी धनगराच्या चराईच्या हक्कासाठी का भांडू नये? उलट वन खातं चराईला गेलं की दंड करतं.

परत वर भीमगडाकडं. २०११ च्या डिसेंबरात अभयारण्य जाहीर झालं, १९० चौरस किलोमीटर, आत गवाळी, तळेवाडी, आमगाव, कोंगळा अशी गावं. २०२४ च्या पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी बाईला स्ट्रेचरवर घालून गावकऱ्यांनी जंगलातनं पायी बाहेर आणलं, व्हिडिओ सगळीकडं फिरला. त्यावर सरकारचं उत्तर काय, तर गाव हलवूया. कुटुंबाला १५ लाखांची योजना, २०२५ मध्ये तळेवाडीच्या कुटुंबांना पहिल्या हप्त्याचे चेक पण दिले. ज्यांना जायचं आहे त्यांनी जरूर जावं, तरुण पोरांना तिथं राहायचं नाही हे मला माहीत आहे. पण रस्ता नाही, पूल नाही, दवाखाना नाही, लाईट धड नाही, अशा अवस्थेत वर्षानुवर्षं ठेवून मग "स्वेच्छेनं" जाता का विचारणं, याला स्वेच्छा म्हणायला मन होत नाही. वनहक्क कायदा २००६ चा आहे, त्यात आधी हक्क नोंदवा, ग्रामसभेची संमती घ्या असं लिहिलंय. आधी हक्काचा कागद हातात द्या, मग सौदा करा.

आणि गावकऱ्याला शहाणपण शिकवणारी सरकारं स्वतः काय करतात ते पण बघा. म्हादईच्या पाण्यावरून गोवा कर्नाटकाशी भांडतो तेव्हा वन्यजीव कायदा पुढं करतो, आमचं अभयारण्य, आमचे वाघ. तेच वाघ आहेत तर व्याघ्र प्रकल्प करा म्हणून हायकोर्टानं जुलै २०२३ मध्ये सांगितलं तर तोच गोवा सुप्रीम कोर्टात पळाला. आणि कर्नाटक, जे भीमगडातल्या गवळ्याला सांगतं की तुझ्या म्हशीमुळं वाघाला त्रास होतो, ते त्याच खानापूरच्या रानातून म्हादईच्या कळसा-भंडुरा नाल्यांचं पाणी न्यायला उभं आहे. दोन्ही सरकारांना वाघ पाहिजे, पण पलीकडच्याला अडवायला पाहिजे.

मला लोक म्हणतील तू फुकटचे सल्ले देतोस, तुझी कुठली म्हैस गेली? बरोबर आहे, माझी गेलेली नाही, आणि म्हणूनच मी बिल भरायला तयार आहे असं म्हणतोय. माझ्यासारखे जे बेळगावात बसून वाघाचे फोटो शेअर करतात त्यांच्याकडून घ्या पैसे. नोव्हेंबर २०२५ मध्ये म्हैसूरकडं वाघानं माणसं मारल्यावर बंडीपूर-नागरहोळेची सफारीच बंद केली होती, तेव्हा रिसॉर्टवाले किती कळवळले, म्हणजे वाघात पैसा आहे हे तर सिद्धच झालं. तो पैसा ज्याच्या गोठ्याशेजारून वाघ जातो त्याच्यापर्यंत पोचत नाही एवढंच. बाजारभाव पूर्ण धरा, दुधाचे तीन-चार महिने धरा, रक्कम आठवड्यात खात्यावर टाका आणि चौकशी नंतर करत बसा. दहातला एखादा खोटा निघेल, निघू दे, ऊस वजनाच्या काट्यात यापेक्षा जास्त जातंय. पंचनाम्याचा फॉर्म कन्नड आणि मराठी दोन्हीत ठेवा, यात कुणाच्या अस्मितेला धक्का लागत असेल तर त्यानं एकदा रात्री खानापूरच्या वाडीवर जाऊन झोपावं. गोठ्याच्या दाराला आणि जाळीला रोजगार हमीतून पैसे द्या, गोठ्याची कामं त्यात होत आलीच आहेत.

हे सगळं सांगायचं कुणाला हा प्रश्न राहतोच. दरवर्षी डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, दहा दिवस गाड्यांचे ताफे, बाहेर आंदोलनांचे मंडप, नेमका तोच ऊसतोडीचा आणि बिबट्या बिथरण्याचा काळ, आणि आत उत्तर कर्नाटकाच्या नावानं एक-दोन दिवस भाषणं होतात. आमदाराला पिंजरा कळतो, फिडरचं टाईमटेबल कळत नाही. ते ज्याला कळायला पाहिजे तो तालुका पंचायतीचा, जिल्हा पंचायतीचा सदस्य, ज्याला वाडीतल्या म्हातारीचं नाव माहीत असतं. तर त्या पंचायतींची मुदत २०२१ लाच संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं निवडणूकच नाही, वॉर्ड रचना, आरक्षण, कोर्ट, परत वॉर्ड रचना. त्यामुळं सध्या शेळी गेली की निवेदन थेट आमदाराच्या पीएकडं जातं, आणि तो विचारतो, पिंजरा लावायला सांगू का?